कसा दिसतोय?

डिसेंबरातली संध्याकाळ, पुण्यातलं एक सायकलचं दुकान. मागच्या भिंतीवरच्या अरुंद आरशासमोर विशीतला एक मुलगा उभा आहे. काळी जर्सी, खांद्यावरून पट्टे असलेली तंग काळी बिब शॉर्ट, काळे मोजे, वर काळं हेल्मेट. शेजारी स्टुलावर आई, मांडीवर भाजीची पिशवी. "कसा दिसतोय?" मुलगा पोट आत ओढून विचारतो. आई जरा वेळ बघते आणि उत्तर त्याला न देता दुकानदाराकडे वळते, "यात काही उजळ रंग नाही का हो? पहाटे पाचला निघणार आहेत ही पोरं, सिंहगडला." दुकानदार खुंटीवरचं पोपटी-पिवळं, चंदेरी पट्ट्यांचं जॅकेट काढून पुढे धरतो. मुलगा त्याला हातही लावत नाही. "अगं आई, हे रस्ता झाडणाऱ्यांचं असतं."

दुकानदाराने जॅकेट गुपचूप परत खुंटीला अडकवलं.

ते वाक्य टोचत राहतं, कारण ते खोटं नाही. पहाटे पाचला शहरात असं जॅकेट बहुतेक झाडणाऱ्या बायकांच्याच अंगावर दिसतं. पाठ वाहनांकडे, मान खाली, हातात लांब दांड्याचा झाडू. मागून काय येतंय ते त्यांना कळत नाही, म्हणून मागच्याला त्या कळाव्यात एवढीच त्या जॅकेटची सोय. सायकलवाल्याची पाठही वाहनांकडेच असते, चढाला मानही खालीच असते. तरी एकाला ते कामाचं आणि दुसऱ्याला कमीपणाचं. त्या वेळी रस्त्यावर आणखीही सायकली असतात, पेपरवाल्यांच्या आणि दूधवाल्यांच्या. त्यांच्याकडे कानटोपीपलीकडे काहीच नसतं. म्हणजे दिसायला हवेत असे तीन जण एकाच अंधारात, आणि त्यातला ज्याने कपड्यांवर सर्वांत जास्त पैसे घातलेत तोच सर्वांत कमी दिसतो.

मराठीने इथे एक गंमत करून ठेवली आहे. ‘दिसणं’ हे एकच क्रियापद दोन कामं करतं. आरशापुढचा पोरगा विचारतो ‘कसा दिसतोय?’, आणि खडकवासल्याच्या रस्त्यावर त्याच्या मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यापुढे प्रश्न असतो ‘दिसतोय का?’. दुकानातला आरसा फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही ट्यूबलाइटखाली.

गंमत अशी की सायकलच्या दुनियेतला सगळ्यांत रुबाबदार कपडा दुसऱ्याच प्रश्नातून जन्मला. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत सगळ्यांत पुढे कोण आहे ते गर्दीतल्या बघ्यांना ओळखू यावं म्हणून १९१९ साली पिवळी जर्सी आली. शर्यत भरवणारं ‘लोतो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जाई, त्यामुळे रंगही ठरलेलाच होता. ती पहिल्यांदा अंगावर चढवणाऱ्या यूजीन क्रिस्तोफला लोक ‘कॅनरी’, म्हणजे पिवळा पक्षी, म्हणून चिडवत आणि त्याला ते मुळीच आवडत नसे. आज त्या जर्सीसाठी माणसं तीन आठवडे जिवाचं रान करतात. पिवळ्याची लाज कशी गेली, याचा माग काढायला हवा एखाद्याने.

काळ्या रंगाशी सरसकट भांडण नाही. कमरेखाली काळाच बरा. जुन्या काळी शॉर्ट लोकरीची असे आणि आत बसण्याच्या जागी खरंखुरं कातडं शिवलेलं असे. त्याला तेल-मलम चोपडावं लागे, वर चेनचं काळं वंगण शॉर्टलाही लागायचंच. डाग झाकायचे तर काळं. लोकर जाऊन लायक्रा आली, कातड्याच्या जागी फोम आला, वंगणाचे डाग तसेच राहिले. पांढरी शॉर्ट पहिल्या पावसात काय दाखवते ते एकदा कुणीतरी दाखवून दिलं की पुरे. भांडण आहे ते कमरेवरच्या काळ्याशी. तिथे काळं घालण्याचं एकच कारण आहे, ते म्हणजे फोटो.

रंगांबद्दल दुकानात नेहमी होणारा घोळ असा. फ्लोरोसंट पोपटी किंवा नारिंगी कापड उन्हातले न दिसणारे अतिनील किरण पिऊन दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून ते दिवसा, ढगाळ हवेत, पहाट फुटताना झगझगतं. रात्री अतिनील किरणच नसतात, तेव्हा त्याच पोपटी कापडाची जादू संपते. पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर ते कुठल्याही मळकट शर्टासारखं दिसतं. रात्रीचं काम चंदेरी पट्टीचं. आपल्याकडे तिला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. रेडियमचा त्यात कणही नसतो, असतात ते काचेचे बारीक मणी. आलेला उजेड ते जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणजे गाडीचा दिवा पडला तर गाडीवाल्याला लखलखाट, आणि दिवा नसेल तर शून्य. दोन्ही वस्तू एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. नुसती पोपटी जर्सी घेऊन रात्री निघणारा आणि नुसती चंदेरी रेघ असलेली काळी जर्सी घालून दिवसा धुक्यात निघणारा, दोघंही अर्धेच दिसतात.

ही पट्टी लावायची कुठे, यात खरी मेख आहे. पाठीवरची पट्टी चमकते, पण ती हलत नाही. मागच्याला वाटतं मैलाचा दगड असेल, कठड्यावरचा रिफ्लेक्टर असेल. घोट्यावरची पट्टी मात्र वर-खाली, वर-खाली नाचते. दोन ठिपके असे आळीपाळीने हलताना दिसले की मेंदू विचार न करता सांगतो, हे माणसाचे पाय आहेत. रात्रीच्या दृश्यमानतेवरचे प्रयोगही हेच सांगतात की नुसत्या जॅकेटपेक्षा गुडघ्या-घोट्यांवरच्या पट्ट्यांमुळे सायकलस्वार कितीतरी लांबून ओळखू येतो. शिवाय गाडीचा लो बीम जमिनीलगतच पडतो, पाठीच्या आधी पायावरच येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले, आणि गाडी अजून थांबायला सुरुवातही झालेली नाही. तेव्हा किती मीटर आधी ओळखलं, यावर सगळं आहे.

आणि हौशी सायकलवाला पहिलं काम काय करतो? नवी सायकल घरी आली की घंटी काढतो, स्टँड काढतो, मडगार्ड काढतो, चाकांच्या आऱ्यांतले केशरी रिफ्लेक्टर काढतो. मग बुटाच्या तळव्याखालचा खटका, म्हणजे क्लीट, अडकवून ठेवणारे पेडल बसवतो. साध्या पेडलला पुढे-मागे जे पिवळट रिफ्लेक्टर असतात तेच तर ते नाचणारे ठिपके. बहुतेक क्लीट पेडलना ते नसतातच. पाच हजारांची बढती घेताना पाच रुपयांचा तुकडा गेला, आणि नेमका तोच कामाचा होता. भरपाई सोपी आहे. दोन्ही घोट्यांना वेल्क्रोच्या पट्ट्या, पायाला पूर्ण वेढा घालतील अशा. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, बाहेरच्या बाजूला आणि मागच्या चाकाच्या दांड्यांवर बोटभर रुंदीचं चिकट रेडियम; आधी जागा स्पिरिटने पुसून घ्यायची, नाहीतर वंगणावर ते आठवडाभरही टिकत नाही. पट्टी कायमची नसते. धुऊन धुऊन मण्यांचा थर तडकतो, चंदेरी रंग करडा पडतो आणि दिवसा फरक कळत नाही. तपासायची रीत अशी: खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ, कपाळाला टेकवून धरा आणि पट्टीकडे बघा. टॉर्च हात लांब करून धरला तर चांगली पट्टीही मेल्यासारखी दिसते.

दिव्यांचं थोडक्यात. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्याला, जमिनीला समांतर. हे ‘समांतर’ फार महत्त्वाचं, कारण जर्सीच्या खिशाला किंवा सीटबॅगला क्लिपने लटकवलेला दिवा वाकल्यावर आकाशाकडे बघतो. मागच्या तीन खिशांत फोन, पंक्चरचं सामान, केळी आणि चिक्की कोंबली की जर्सी खाली लोंबते आणि दिवाच झाकते. पावसाळ्यात रेनकोटची शेपटी तेच करते. निघण्यापूर्वी मित्राला दहा पावलं मागे उभं करून विचारायचं. रात्री एक दिवा तरी स्थिर हवा. नुसता ब्लिंकर लक्ष वेधतो, पण किती लांब आहे त्याचा अंदाज देत नाही. पुढचा दिवा शहरात ३००-४०० ल्युमेनचा पुरतो, अंधाऱ्या घाटात ६००-८०० चा लागतो, आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली झुकवलेला हवा. एके काळी बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे पोलिसाने पकडण्याचे हुकमी गुन्हे होते. टायरला घासून गरगरणारा डायनॅमो पाय जड करायचा, वर चढावर सायकल थांबली की दिवाही विझायचा, तरी लोक तो लावत. आता दिव्याची बॅटरी मुठीत मावते, आणि आपण ती चार्ज करायला विसरतो.

हेल्मेटवर सगळ्यांत जास्त पैसे उधळले जातात आणि सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. आत असतो तो ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलचाच सख्खा भाऊ. डोकं आपटलं की तो चिरडतो, आणि चिरडण्यातच धक्का जिरतो. एकदा चिरडला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात हेल्मेट घातलेला डोक्याचा साचा २ मीटरवरून सपाट ऐरणीवर आपटतात, युरोपच्या ईएन १०७८ मध्ये दीड मीटरच्या आसपास उंचीवरून. दीड हजाराचं आणि दहा हजाराचं, दोन्ही याच परीक्षेला बसतात. जास्तीचे पैसे हवेच्या भोकांचे, शंभरेक ग्रॅम कमी वजनाचे आणि रंगाचे. आतला मिप्सचा घसरता थर तेवढा वेगळा: तिरका फटका बसला की तो दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि डोक्याला बसणारी पीळ कमी करतो. परवडत असेल तर पैसे त्याला द्यावेत, कार्बनच्या चकचकीत सालाला नव्हे.

पण मापात चुकलं तर कुठलंही हेल्मेट टोपीच. पट्टे न लावता हेल्मेटच्या मागचा डायल आवळायचा आणि मान खाली सोडायची. पडलं नाही तर आकार बरोबर. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. रविवारी रस्त्यावर अर्धी हेल्मेटं गांधी टोपीसारखी मागे सरकलेली असतात, केसांची झुलूप दिसावी म्हणून, आणि तोंडावर पडल्यावर आधी आपटणार ते कपाळ उघडं. कानाखाली दोन पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ व्हायला हवा, कानावरून जाता कामा नये. हनुवटीखाली एक बोट जावं, आणि मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेल्याचं जाणवावं. स्कार्फ बांधून त्यावर हेल्मेट घालणाऱ्या मुलींनी निदान गाठ मागे कवटीवर येऊ देऊ नये, मानेवर घ्यावी. अंबाडा असेल तर डायलखाली केसांना वाट ठेवलेली हेल्मेटं मिळतात. चष्म्याच्या दांड्या पट्ट्यांच्या बाहेरून. ही रीत शर्यतवाल्यांची म्हणून हसतात लोक, पण पडल्यावर चष्मा चेहऱ्यात न रुतता उडून जातो. आणि हेल्मेट उन्हातल्या गाडीत काचेपाशी ठेवू नये, फोमला ती भट्टी सोसत नाही.

‘हेल्मेट बरं दिसत नाही, गरम होतं’ ही तक्रार फक्त कर्वे रोडवरची नाही. १९९१ साली हेल्मेटसक्ती करायला गेले तर पॅरिस-नीस शर्यतीत खुद्द व्यावसायिक सायकलपटूंनी विरोध केला आणि नियम मागे घ्यावा लागला. २००३ मध्ये त्याच शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू पडला आणि डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट नव्हतं. त्या वर्षी सक्ती आली ती राहिलीच. आपल्याकडे हेल्मेटचा कायदा मोटारसायकलीला आहे, सायकलला नाही. इथे सांगणारं कुणी नाही, आई सोडून.

आता शॉर्ट. इथे स्टाइलवाल्यांचं म्हणणं बरोबर असतं आणि संकोचणाऱ्यांचं चूक. बिब शॉर्टच्या आत काहीही घालायचं नसतं. हे वाक्य प्रत्येक दुकानात हळू आवाजात सांगावं लागतं, आणि अर्धे लोक मान डोलावून घरी जाऊन आत चड्डी घालतातच. चड्डीची शिवण सीट आणि कातडी यांच्यामध्ये येते, सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि पन्नास किलोमीटरनंतर मांड्या काचतात. दुसऱ्या दिवशी बसता येऊ नये असे फोड येतात. शॉर्टच्या आतलं फोमचं पॅड कातडीला चिकटून, तिच्याबरोबर हलायला हवं. दुकानात सरळ उभं राहून बघू नये. उभं असताना चांगली बिबही खांदे खाली ओढते आणि मागे लंगोटासारखा फुगवटा वाटतो. एक पाय स्टुलावर ठेवून हँडल धरल्यासारखं वाकायचं. तेव्हा पट्टे ओढत नसतील आणि पॅडला सुरकुती नसेल तर माप जमलं. मांडीवरच्या रबरी पट्टीने मांस वर उतू आलं तर एक नंबर मोठी. जाड, मऊ पॅडला भुलू नये, ते तासाभरात बसून जातं. लांबच्या पल्ल्याला पातळ पण दाट फोम बरा.

धुण्यात तर सगळे चुकतात. आल्या आल्या उलटी करून गार पाण्यात, साधा साबण, पिळायची नाही, धोपटायची नाही, सावलीत वाळवायची. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. त्याचा थर धाग्यांवर बसला की कापड घाम ओढायचं सोडून देतं. ऊन, घाम आणि वर्षानुवर्षांची घासाघीस यांनी लायक्रा विरत जाते, तीही नेमकी मागे, जिथे घालणाऱ्याची नजर पोचत नाही. मागच्या सायकलवाल्याला मात्र सगळं समजतं. इथे नको तेवढं दिसतं. खिडकीसमोर धरून उजेड आरपार आला तर ती शॉर्ट पायपुसण्यात टाकावी, आणि मित्राची असेल तर त्याला सांगण्याइतकी मैत्री असावी.

ज्यांना लायक्रा घालून सोसायटीच्या गेटातून बाहेर पडणं जमत नाही, त्यांनी वरून सैल हाफपँट किंवा कुर्ता घालावा, बिघडत नाही. फक्त कड लांब नको. पेडलवर उभं राहून परत बसताना सैल घेर सीटच्या नाकात अडकतो आणि माणूस अधांतरी लटकतो. ओढणी खांद्यावरून सोडायची नाही, कमरेला गाठ मारून खोचायची. चाकाच्या आऱ्यांनी ती ओढली तर सोडवायला वेळ मिळत नाही. चेन उजवीकडे असते, म्हणून जुने लोक पँटचा उजवाच पाय दुमडत किंवा त्याला स्टीलची क्लिप लावत. त्या पिढीच्या पँटींची उजवी मोहरी चावल्यासारखी कुरतडलेली, काळ्या तेलाची, आणि डावी स्वच्छ. नुसती पँट बघून सांगता यायचं, हा माणूस ऑफिसला सायकलने जातो. त्याच उजव्या पायाला चमकणारी पट्टी बांधली तर मोहरीही वाचते आणि माणूसही दिसतो.

बुटांची हौस सर्वांत शेवटी करावी. दोन स्क्रूचे, तळव्यात क्लीट दडलेले बूट घेतले तर चहाच्या टपरीपर्यंत माणसासारखं चालता येतं. सुरुवातीला पेडलची स्प्रिंग पूर्ण ढिली ठेवायची, ३ मिलिमीटरची ॲलन की पुरते, आणि सिग्नलच्या वीस मीटर आधीच पाय सोडवायचा. पहिल्या महिन्यात सिग्नलला उभ्या उभ्या आडवं पडणं हे ठरलेलंच, त्यात जखम फक्त अब्रूला होते. धोका वेगळाच आहे. क्लीटचा एक स्क्रू हळूहळू ढिला होतो किंवा गळून पडतो. मग टाच कितीही बाहेर फिरवली तरी बूट एका स्क्रूभोवती गरगरतो आणि क्लीट पेडलमध्ये तशीच राहते. पाय सुटतच नाही. महिन्यातून एकदा स्क्रू आवळून बघणं हा त्यावरचा सगळा उपाय. हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून. पडताना हातच पुढे येतात, आणि तळव्याखालच्या जेलमुळे करंगळी-अनामिका बधिर होणं कमी होतं. अंगठ्यावरचं टॉवेलचं कापड घाम पुसायला असतं असं सगळे सांगतात. थंडीत ते नाकालाच लागतं. त्याच थंडीत गड चढून घामाघूम झाल्यावर उतरण्यापूर्वी जर्सीच्या आत छातीशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी सरकवावी. आल्प्समध्ये शर्यतवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत, आणि पायथ्याला आल्यावर वाचताही येते.

त्या पिवळ्या जॅकेटचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. हाच मुलगा दोन-तीन वर्षांत लांब पल्ल्याच्या नादी लागला तर बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करण्याच्या राइडला, नाव घालील. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत. तिथे रात्रीसाठी दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं, नसेल तर सोडतच नाहीत. मग हेच चंदेरी पट्ट्यांचं कापड घालून तो पहाटे तीनला हायवेवरच्या धाब्यावर चहा पीत फोटो काढील आणि जॅकेट न काढताच घरी येईल. कापड तेच, पट्टी तीच. फक्त आता ते झाडणाऱ्यांचं राहिलेलं नसेल. हे कौतुकाने लिहावं की खंतावून, ते ठरत नाही.

दुकानात त्या संध्याकाळी काळा संचच बांधला गेला. बिल होत असताना आईने काउंटरवरच्या बरणीतून घोट्याच्या दोन पट्ट्या उचलून त्यात टाकल्या. "हे कोण घालणार?" मुलगा म्हणाला. "पायात असतात रे, फोटोत येत नाहीत," आई म्हणाली. दुकानदाराने त्या मुलाच्या घोट्यांना बांधून दिल्या आणि मागचे दिवे मालवले. आईने मोबाइल काढला, फ्लॅश मारला आणि चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिली. मुलगा जवळ आला. फोटोत जमिनीपासून वीतभर वर दोन पांढरेशुभ्र जाळ होते, आणि त्यांच्या वर, जिथे तो असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं.